देवमाशांसाठी झाडांचं अनुदान बंद करा म्हणणाऱ्यांना

किंजळ:
"एका देवमाशाच्या देहात 33 टन कार्बन डायऑक्साइड साठतो, झाड वर्षाला जेमतेम 22 किलो शोषतं. म्हणजे एक देवमासा 1500 झाडांना भारी. लागवडीची अनुदानं बंद करा आणि तो पैसा समुद्राकडे वळवा." काल इथे हे लिहिलं गेलं आणि भराभर वाहवा मिळाली. अहो, 33 टन हा देवमाशाच्या आख्ख्या आयुष्याचा आकडा आहे आणि 22 किलो झाडाच्या एका वर्षाचा! तेच झाड 60 वर्षं उभं राहिलं तर 1300 किलोंवर जातं. मग एक देवमासा 25 झाडांच्या बरोबरीचा होतो. शिवाय 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अर्थतज्ज्ञांनी हा आकडा मांडला तो मोठ्या देवमाशांची सरासरी म्हणून, आणि मेल्यावर देह खोल तळाशी गेला तर. किनाऱ्याला लागून कुजला तर सगळं परत हवेत. देवमासे वाचवायलाच हवेत. पण त्यासाठी डोंगरउतारावर दोन एकर वरकस, म्हणजे हलकी जमीन कसणाऱ्याच्या तोंडचा घास कशाला काढता?

नीलसागर:
काल मीच लिहिलं होतं. भागाकार तुमचाच धरू, तरी देहापुरतंच मोजताय. देवमाशाच्या विष्ठेतलं लोह पाण्यात मिसळतं, त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे कार्बन शोषणारे सूक्ष्म जीव वाढतात, आणि पृथ्वीवरचा जवळपास निम्मा ऑक्सिजन समुद्रातल्या अशा सूक्ष्म जीवांकडून येतो. ते कुठल्या वहीत लिहिणार? आणि आपल्याकडच्या लागवडीचं काय सांगता! 2016 ला 2 कोटी रोपं, मग 4, मग 13, 2019 ला 33 कोटी. पुढे त्या लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. इकडे नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत रुतलं. गावकरी आणि कर्मचारी अंगावर ओली फडकी टाकून पाणी मारत बसले, शेवटी टग बोटीने ओढून नेलं, तरी वाचलं नाही. किनाऱ्यावर साधनं तयार असती तर त्याला थोडी तरी संधी मिळाली असती. पैसा तिथे हवा.

किंजळ:
33 कोटी हा सरकारी कार्यक्रम होता, त्याचं खापर शेतकऱ्यावर फोडू नका. राज्याच्या फुंडकर फळबाग योजनेत लागवडीचं अनुदान तीन वर्षांत 50, 30, 20 टक्के असं मिळतं आणि पुढच्या हप्त्यांसाठी झाडं जगलेली दाखवावी लागतात. कोरडवाहूत 80 टक्के, बागायतीत 90. उन्हाळ्यात डोक्यावर हंडे वाहून कलमं जगवणाऱ्याला विचारा ते कसले पैसे असतात.

वरकस:
मला विचारा. शेजारच्या डोंगरात ऐन, किंजळ, जांभळीचं जुनं रान होतं. मालकाने ते तोडलं, जेसीबीने टप्पे पाडले, काजूची कलमं लावली आणि रीतसर अनुदान घेतलं. माझं रान मी तसंच राखलंय. खाली तीन घरांचं पाणी त्या रानातून येतं. मला आजवर छदाम मिळालेला नाही. अर्ज घेऊन गेलो तर साहेब म्हणाले, "तुम्ही लावलंय काय?" काही लावलं नाही, काही तोडलंही नाही. आता मुलगा म्हणतो, आपणही टप्पे पाडू. त्याला काय उत्तर देऊ?

नीलसागर:
हेच तर मी सांगतोय!

वरकस:
नाही, तुम्ही बंद करा म्हणताय. मी म्हणतोय, राखणाऱ्यालाही द्या.

तांडेलाचा पोर:
समुद्राकडे पैसा वळवा म्हणणाऱ्यांनी आधी वळलेला पैसा कसा येतो ते ऐका. डिसेंबर 2018 पासून आपल्याकडे योजना आहे. जाळ्यात व्हेल शार्क (हा देवमासा नव्हे, महाकाय शार्क), कासव, डॉल्फिन असा संरक्षित जीव आला आणि जाळं कापून सोडला तर जास्तीत जास्त 25,000 रुपये भरपाई. पुरावा म्हणून फोटो, व्हिडिओ. आमच्या जाळ्यात व्हेल शार्क आला तो पहाटेच्या अंधारात. वारा चढलेला, होडी एका बाजूला कललेली, बाबा कोयता घेऊन वाकलेले आणि मी एका हाताने त्यांना धरलेलं. दुसऱ्या हातात मोबाइल. व्हिडिओत पाणी दिसलं, शेपटी दिसली नाही. कार्यालयात सांगितलं, जीव ओळखू येत नाही. आणि पैसे आले असते तरी फक्त जाळ्याचे आले असते. बुडालेली फेरी, डिझेल, खलाशांची मजुरी कुणी द्यायची? तरी बाबा पुन्हा कापतील, हेही सांगतो. पण मासळी ओढायला एलईडीवाल्यांचे दिवे रात्रभर जळतात, त्यांना कोण विचारतं? केंद्राने 2017 मध्येच बंदी घातलीय.

पर्ससीन:
एलईडीच्या नावाने सगळ्या पर्ससीनवाल्यांना, म्हणजे जाळ्याचा फेरा टाकून मासळी घेरणाऱ्या आम्हाला, झोडपायची सवय सोडा. बंदी आहे, 2021 च्या दुरुस्तीने दंड लाखांत गेलाय, पकडा की! आणि खरं बोलायचं तर आमच्या जाळ्यात व्हेल शार्क आला तर वरची दोरी खाली दाबली की पोहत बाहेर जातो. तुमच्या उभ्या जाळ्यात तो गुरफटतो. कासवं कुठल्या जाळ्यात बुडून मरतात, तेही लिहा.

तांडेलाचा पोर:
आमची वावरी, म्हणजे उभी जाळी, पिढ्यान्‌पिढ्या चालतेय, तेव्हा समुद्रात मासळी होती. तुम्ही आलात आणि बांगडा दिसेनासा झाला. आम्हाला कासवं शिकवू नका.

पर्ससीन:
पिढ्यान्‌पिढ्या सुताची जाळी होती, आता नायलॉन आहे. तुटून तळाशी गेलं तरी मारत राहतं. कुणाच्या होडीतून पडतं ते?

तांडेलाचा पोर:
पडतं, नाकारत नाही. पण तुमच्या जाळ्याचा फेरा आमच्या जाळ्यावरून जातो म्हणून तुटतं!

गिरनार:
भांडण बाजूला ठेवून गुजरातकडे बघा. वेरावळला व्हेल शार्क सर्रास मारत. यकृताचं तेल होड्यांना लावायचे, मांस आणि पंख परदेशी जायचे. 2001 मध्ये त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं, पण फरक पडला 2004 नंतर, कथाकार मोरारी बापूंनी त्याला माहेरी आलेली लेक म्हटलं तेव्हा. भरपाई जोडीला होतीच. तिथे झाडांचं अनुदान कापावं लागलं नव्हतं.

नीलसागर:
बरं. 1500 चा आकडा यापुढे वापरणार नाही. फेरीची मजुरी भरपाईत धरावी, हेही मान्य, आणि वरकस यांच्या रानाचंही. पण जुनं रान तोडून लावलेल्या काजूला सरकारी पैसा मिळता कामा नये, यावर मी ठाम आहे.

किंजळ:
त्याला माझा कधीच विरोध नव्हता. लागवडीआधी जागेची पाहणी करा, उभं रान असेल तर अर्ज फेटाळा. पण ओसाड माळावर कलम लावणाऱ्याचे हप्ते थांबवू नका.

पर्ससीन:
आणि मजुरी धरणार असाल तर पर्ससीनच्या खलाशांचीही धरा. दोरी दाबली की सगळी मासळी त्याच्याबरोबर निघून जाते.

तांडेलाचा पोर:
धरा. पण ज्याच्या नौकेवर दिवे सापडतील त्याला एक रुपया नको.