मदत हवी आहे: प्रोसेसरच्या नावातील आकड्यांवरून पिढी कशी ओळखावी?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचे लेथचे छोटे वर्कशॉप असून फौंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचे मशिनिंग आम्ही करून देतो. पूर्वी ड्रॉइंग कागदावर येत असे, आता ऑटोकॅडची फाइल येते. ती पाहण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम मुलाने डिप्लोमा झाल्यापासून हाती घेतले आहे, म्हणून त्याच्यासाठी लॅपटॉप घ्यायचा आहे.

राजारामपुरीतील एका दुकानात वापरलेले दोन लॅपटॉप जवळपास सारख्याच किमतीला मिळत आहेत. एकात इंटेल कोअर आय७-७५००यू आहे आणि दुसऱ्यात आय५-८२५०यू. दुकानदारांचे म्हणणे असे की आय७ हा आय५ पेक्षा वरचा, शिवाय पहिल्याचा वेग २.७ गिगाहर्ट्झ आणि दुसऱ्याचा १.६ लिहिलेला आहे, तेव्हा शंकेला जागाच नाही. मुलगा मात्र दुसऱ्यावर अडून बसला आहे. तिसरा, नवा कोरा लॅपटॉप एएमडी कंपनीच्या रायझन ५ ७५२०यू या प्रोसेसरचा आहे. पैसे एकदाच घालायचे असल्याने हे आकडे नीट समजून घ्यावेत असे मनापासून वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मुलाचे म्हणणे बरोबर आहे. आय३, आय५, आय७ ही त्या त्या पिढीच्या आतली प्रतवारी आहे; पिढी सांगतो तो त्यापुढचा क्रमांक. ७५०० म्हणजे सातवी आणि ८२५० म्हणजे आठवी. क्रमांक १ ने सुरू होत असेल तर पहिले दोन आकडे घ्यावेत : ११३५जी७ अकरावीचा, १२३५यू बारावीचा. शेवटचे ‘यू’ हे अक्षर कमी वीज खाणाऱ्या जातीचे आहे, तर जड कामाच्या लॅपटॉपमध्ये ‘एच’ असतो. डिसेंबर २०२३ पासून आलेल्या ‘कोअर अल्ट्रा’ला हा नियम लावू नये, तिथे क्रमांक नव्याने सुरू झाले.

आता तुमच्या दोन लॅपटॉपांविषयी. सातव्या पिढीच्या त्या आय७ मध्ये दोनच कोअर, म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारे भाग, आहेत आणि आठव्या पिढीच्या आय५ मध्ये चार. १.६ हा चारही कोअर १५ वॅटच्या मर्यादेत एकत्र राबत असतानाचा मूळ वेग आहे. एकाच कोअरचे काम असेल तेव्हा तो ३.४ पर्यंत चढतो आणि आय७ चा ३.५ पर्यंत, म्हणजे तिथे दोघे बरोबरीचेच. साधे द्विमितीय ड्रॉइंग बहुतांशी एका कोअरवर चालते, त्यामुळे नुसत्या ड्रॉइंगमध्ये फारसा फरक जाणवणार नाही. पण शेजारी टॅली आणि ब्राउझर उघडे असतील, तर चार कोअरचा उपयोग रोज होईल. याहूनही मोठे कारण विंडोजचे आहे. विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षा अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठीच्या अधिकृत यादीत ८२५०यू आहे, ७५००यू नाही.

प्रतिसाद २

रायझनबद्दल थोडे. ७५२० मधील ७ पाहून प्रोसेसरची आतली रचना नवी समजू नये. या मालिकेत रचना तिसरा आकडा सांगतो; इथे तो २ आहे, म्हणजे २०१९ मध्ये आलेली झेन २ रचना. ७५३०यू मध्ये झेन ३ आहे आणि कोअरही चाराऐवजी सहा. शिवाय ७५२०यू सोबतची रॅम मदरबोर्डलाच पक्की जोडलेली असते, पुढे वाढवता येत नाही. ती ८ जीबी असेल तर हा लॅपटॉप मी तरी घेणार नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आय५ चाच विचार पक्का करतो. बाहेरच्या स्टिकरवरून खात्री करावी का?

प्रतिसाद १

स्टिकरवर विसंबू नका. दुकानातच टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयू पाहा. तिथे पूर्ण नाव दिसते आणि खाली कोअरची संख्याही. ती चार असल्याशिवाय पैसे देऊ नका.