ग्राइंडकोर पंकचे की मेटलचे?

सातपूरकर : ग्राइंडकोर या अतिवेगवान रॉक संगीताबद्दलचे ‘ग्राइंडकोर म्हणजे मेटलचा (जड गिटारच्या रॉकचा) वेग वाढवून केलेला निरर्थक गोंगाट’ हे येथील कालचे विधान मला फार लागले. नेपाम डेथ हा ग्राइंडकोरचा गट १९८१ साली बर्मिंगहॅमजवळच्या मेरिडन गावात उभा राहिला तो पंक, म्हणजे रॉकच्या बंडखोर प्रवाहातला, म्हणून, आणि १९८७ च्या त्यांच्या ‘स्कम’ या अल्बममधले पहिलेच गाणे बहुराष्ट्रीय कंपन्यांवर तुटून पडते. ज्याचा संताप इतका नेमका आहे, त्याला निरर्थक म्हणायला जीभ कशी रेटते?

गंगापूर रोड : विधान माझे आहे आणि मी त्यावर ठाम आहे. ‘स्कम’मधल्याच जेमतेम सव्वा सेकंदाच्या ‘यू सफर’ या गाण्यातून कोणाला काय कळावे? शिवाय मेटलचा आद्य गट ब्लॅक सॅबथही बर्मिंगहॅमचाच. पत्र्याच्या कारखान्यात बोटांची टोके गमावलेल्या त्यांच्या गिटारवादक टोनी आयोमींनी पुढे गिटारच्या तारा सैल केल्या आणि आवाज जड झाला. ते ऋण तुम्ही सोयीस्करपणे विसरता.

पंचवटी ढोल : वेगाचे कौतुक नाशिककरांना सांगू नये. एका हाताने टिपरू (काठी) आणि दुसऱ्या हाताने थाप देत आम्ही तासन्‌तास वाजवतो, तरी ताशाचा इशारा झाल्याशिवाय चाल बदलत नाही.

सातपूरकर : ब्लास्ट बीटला, म्हणजे ग्राइंडकोरच्या ड्रमवरच्या ठेक्यालाही तीच शिस्त लागते. बास ड्रम (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअर (काठीने वाजणारा छोटा ड्रम) यांचे ठोके एकाआड एक, विलक्षण वेगाने पडावे लागतात. सिडकोतल्या खोलीत मी तीन वर्षे उशीवर काठ्या आपटून ते शिकलो. दोन मिनिटांत मनगट दगडासारखे होते. तुमचा ढोल वाजला की उत्सव, आमचा ड्रम वाजला की सोसायटीची नोटीस!

पंचवटी ढोल : तुमच्या सोसायटीचा राग आमच्या ढोलावर काढू नका! ढोलाच्या दोरीने माझ्या वडिलांच्या कमरेवर पडलेले वळ मी लहानपणापासून पाहिले आहेत. मेहनत तुम्हीही करता, एवढे मानतो, त्यापुढे नाही.

प्रेस शॉपची लेक : माझ्या वडिलांचे बोट कारखान्यातल्या पॉवर प्रेस या पत्रा दाबणाऱ्या यंत्राखाली गेले, तेव्हा मी आठवीत होते. पायाखालची फरशी हादरवणारा तो फटका ते जेवतानाही ऐकत असत आणि मधेच घास हातात धरून थांबत. ‘स्कम’ प्रथम ऐकले तेव्हा मला तेच ताट आठवले. शब्द कळले नाहीत म्हणून अर्थ नाही, असे मला कोणी सांगू नये.

गंगापूर रोड : ताई, ‘निरर्थक’ हा शब्द मी मागे घेतो. मेटलचा दावा मात्र सोडत नाही.

सातपूरकर : ‘स्कम’च्या तबकडीच्या दोन बाजूंना वादकांचे दोन निराळे संच आहेत, दोन्हींकडे आहेत ते फक्त ड्रमवरचे मिक हॅरिस. दुसऱ्या बाजूच्या गिटारमध्ये मेटलचा वाटा आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. पहिली बाजू पंकचीच.