करमाफी की गृह आधार? कुणाच्या पदरात नेमकं किती पडतं

वाळपईकर (प्रश्न)

आमच्या वाचनालयात जाहीर वादचर्चा आहे. विषय: 'सरकारने कर कमी करावेत, पैसे वाटू नयेत.' मला विरोधी बाजू मांडायची आहे. भाषणबाजी नको, आकडे हवेत.

१२ लाखांपर्यंत आयकर माफ झाला, त्याचा फायदा कुठल्या उत्पन्नाला किती? त्याची झळ गोवा सरकारला लागते की ती फक्त दिल्लीची डोकेदुखी? आणि पेट्रोलवरचा व्हॅट उतरवणं गरिबाच्या हिताचं, हे खरं का?

हिशेबनीस

पहिल्या दोन प्रश्नांचं सांगतो.

नव्या प्रणालीत २०२४-२५ आणि २०२५-२६ या वर्षांतला फरक काढा, ४ टक्के सेस (करावरचा उपकर) बाजूला ठेवून. करपात्र उत्पन्न ७ लाख असेल तर आधीही कर शून्य होता, आताही शून्य. ८ लाखांवर ३०,००० रुपये वाचले, १२ लाखांवर ८०,०००. १६ लाखांवर मात्र ५०,०००च, कारण रिबेट (ठरावीक उत्पन्नापर्यंत कर शून्य करणारी सूट) १२ लाखांवर तुटतं आणि पुढे फक्त स्लॅब बदलल्याचा लाभ उरतो. २० लाखांवर ९०,०००, २४ लाखांवर १,१०,०००. तिथून ५० लाखांपर्यंत तेवढेच.

म्हणून 'सगळं श्रीमंतांच्या घशात गेलं' असं म्हणू नका, समोरचा लगेच पकडेल. उत्पन्नाच्या प्रमाणात पाहिलं तर १२ लाखवाल्याला ६.६७ टक्के मिळाले, २४ लाखवाल्याला ४.६ आणि ५० लाखवाल्याला २.२. तुमचा मुद्दा खालच्या टोकाला आहे. हॉटेलातला रूमबॉय, बाजारात बसणारी मासळीवाली, पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाला) हे आयकराच्या जाळ्यात नाहीतच. जो कर भरतच नाही त्याला करमाफीतून काय देणार? त्याच्यापर्यंत पोचायला दोनच वाटा: वस्तूंवरचा कर कमी करणं किंवा सरकारी खर्च.

आता गोव्याची झळ. या माफीमुळे प्रत्यक्ष करात सुमारे १ लाख कोटींचं उत्पन्न सोडल्याचं केंद्राने अर्थसंकल्पातच सांगितलं. वाटपयोग्य करांतले ४१ टक्के राज्यांचे, आणि पंधराव्या वित्त आयोगानुसार २०२५-२६ पर्यंत त्यात गोव्याचा वाटा ०.३८६ टक्के होता. गुणाकार करा: साधारण १५८ कोटी. गृह आधार, म्हणजे गोवा सरकारची गृहिणींसाठीची मानधन योजना, तिचे महिना १,५०० म्हणजे वर्षाला १८,००० धरले तर सुमारे ८८ हजार बायकांचं एका वर्षाचं मानधन. सेस आणि सरचार्ज राज्यांना वाटले जात नाहीत, हेही सांगा. केंद्राने मूळ कर कमी केला तर राज्याचा हिस्सा घटतो, सेस लावला तर राज्याला काही मिळत नाही.

एक गोष्ट सभेत हमखास लागू पडेल. करपात्र उत्पन्न १२,१०,००० असेल तर स्लॅबप्रमाणे कर ६१,५०० होतो. पण कायद्यात मार्जिनल रिलीफ आहे, म्हणून प्रत्यक्षात १०,०००च भरायचे. वरच्या दहा हजारांसाठी कुणाला एकदम साठ हजारांचा फटका बसू नये, एवढी काळजी घेतलेली आहे. गृह आधारची मर्यादा नवरा-बायको मिळून वर्षाला ३ लाख. उत्पन्न ३,०१,००० झालं की अख्खे १८,००० गेले. तिथे सवलतीचा उतार नाही, थेट कडा.

तिसवाडीचा

हिशेबनीसांचे १५८ कोटी बरोबर, पण अर्धीच गोष्ट. वाचलेले ८०,००० कुणी उशीखाली ठेवत नाही. त्यातून स्कूटर येते, फ्रिज येतो, आणि त्यावरच्या जीएसटीतला राज्याचा भाग पणजीतच जमा होतो. १५८ कोटी सगळे भरून निघतात असं नाही; १८ टक्क्यांच्या वस्तूवर राज्याच्या वाट्याला ९च टक्के येतात, आणि काही पैसा बँकेत किंवा शेअरात जातो. पण ते थेट नुकसान म्हणून मांडू नका.

दुसरं, गृह आधारची चाळणी सैल आहे. पगारदाराचं उत्पन्न फॉर्म १६ वर उघडं असतं, रोखीच्या धंदेवाल्याचं कागदावर येईल तेवढंच. म्हणजे दोन बायकांचे नवरे सारखंच कमावतात, पण दाखला एकीलाच मिळतो. न्यायाची गोष्ट काढणार असाल तर इथेही उत्तर तयार ठेवा.

आणि अर्थसंकल्पातला आकडा उचलाल तर 'अंदाज' नको, 'प्रत्यक्ष' घ्या. महिला व बालविकास खात्याच्या अनुदान मागणीत एकाच ओळीत अंदाज, सुधारित अंदाज आणि दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च असतो. लोक अंदाजाचा रकाना वाचून 'सरकारने एवढे वाटले' म्हणतात. तो खर्च नव्हे, संकल्प.

कुडचडेकर

पेट्रोलचं मी घेतो. उदाहरण आपल्याच घरचं आहे. एप्रिल २०१२ मध्ये पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला, लिटरमागे ११ रुपयांच्या आसपास उतरले.

कुणाला किती? महिना २५ लिटर स्कूटरला घालणाऱ्याचे २७५ रुपये वाचले. १२० लिटर जाळणाऱ्या मोठ्या गाडीचे १,३२०. बसने जाणाऱ्याला काही नाही, कारण बस तेव्हा डिझेलवरच होती (आता कदंब या राज्याच्या परिवहन महामंडळाच्या काही विजेवर आहेत). भाड्याची गाडी घेऊन कळंगुटला फिरणाऱ्या पाहुण्यालाही लिटरमागे तेवढीच सूट. तरीही १५,००० कमावणाऱ्याला २७५ रुपये म्हणजे १.८ टक्के, दीड लाखवाल्याला १,३२० म्हणजे ०.९. टक्क्यात गरिबाला जास्त, रुपयांत श्रीमंताला जवळपास पाचपट. दोन्ही खरं, म्हणून कुठलं माप वापरताय ते आधी सांगा, नाहीतर वाद तिथेच अडकतो.

पुढे काय झालं हे जास्त महत्त्वाचं. त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात खाणी बंद पडल्या, रॉयल्टी आटली आणि नंतरच्या वर्षांत व्हॅट टप्प्याटप्प्याने परत चढला. एका डगमगत्या उत्पन्नाच्या भरवशावर कायमची सूट दिली की हेच होतं. मानधनाच्या योजनेलाही हा नियम लागू आहे, फक्त ती मागे घेणं आणखी कठीण. तिथे सरकार रक्कम कापत नाही, वाढवायची राहते आणि महागाई ती खाते. माझ्या मते ही कपातच, पण तिच्यावर कुणी मोर्चा काढत नाही.

सासष्टीचा सीए

गोव्यात न्यायाची चर्चा करायची आणि कलम ५अ वगळायचं, असं कसं चालेल?

१९६१च्या आयकर कायद्यातलं हे कलम पोर्तुगीज नागरी कायद्याखालच्या सामाईक मालमत्तेच्या जोडप्यांना लागू होतं. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर आपल्याकडे तेच गृहीत असतं, धर्म कुठलाही असो. पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे भाडं, व्याज, धंदा, नवरा-बायकोत अर्धं-अर्धं मोजायचं. पगार मात्र कमावणाऱ्याच्याच नावावर.

आता दोन घरं बघा. पहिल्यात एकच कमावता, पगार २४ लाख. ७५,००० ची प्रमाणित वजावट काढून २३.२५ लाख, कर २,८१,२५०, सेससह २,९२,५००. दुसरं घर भाटकाराचं (जमीनदाराचं), वर्षाचं भाडं ३४ लाख. घरभाड्यावर ३० टक्के वजावट, उरले २३.८ लाख, प्रत्येकाला ११.९ लाख. दोघांनाही रिबेट. कर शून्य.

हे बेकायदा नाही, पळवाटही नाही. कायद्याने बायकोला अर्धी मालकी दिली, कराने ती मानली. पण १२ लाखांच्या माफीने ही दरी एकदम रुंद केली, ते कुणी बोलत नाही. पगारदार जोडप्याला हाच नियम का नाही, हा प्रश्न वादचर्चेत टाकून बघा, दोन्ही बाजू गप्प होतील.

कुणी हे स्वतः वापरणार असेल तर: आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ किंवा ३ घ्या, शेड्यूल ५ए मध्ये जोडीदाराचा पॅन आणि अर्धं उत्पन्न दाखवा. टीडीएसही अर्धा-अर्धा. नेहमी चुकतं ते इथेच: उत्पन्न अर्धं दाखवतात आणि टीडीएस पूर्ण मागतात, मग नोटीस. जमीन विकून झालेला भांडवली नफाही अर्धा-अर्धा होतो, पण त्या विशेष दराच्या करावर रिबेट मिळत नाही. त्या भरवशावर राहू नका.

वाळपईकर

आभार, अख्खा पेटारा मिळाला. एकच शंका. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी उतरला, तो तरी खालपर्यंत पोचला ना? समोरची बाजू तेच म्हणणार.

हिशेबनीस

अंगाचा साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आलं, ते पोचलं. गरिबाच्या खर्चात या वस्तूंचा वाटा मोठा असतो, तिथे वाद घालू नका.

हॉटेलांचं वेगळं. ७,५०० पर्यंतच्या खोलीवर १२ चे ५ टक्के झाले, पण इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी वळता करून घेण्याची सोय) गेलं. ४,००० च्या खोलीवर ४८० ऐवजी २०० रुपये कर. धोबी, एसी दुरुस्ती, कमिशन यांवर भरलेला जीएसटी आता हॉटेलवाल्याच्या खर्चात चढतो, म्हणून काहींनी मूळ दरच वाढवला तर नवल नाही. आणि खोली गोव्यात असल्यामुळे पाहुणा दिल्लीचा असला तरी राज्याचा अर्धा कर गोव्यालाच मिळत होता. त्या खोलीमागे गोव्याचे २४० होते ते १०० झाले. सूट पाहुण्याला, तूट आपल्याला.

तिसवाडीचा

पाहुणे वाढले तर तूट भरेलही. पण कॅसिनोवरचा जीएसटी त्याच वेळी २८ वरून ४० टक्के केला, म्हणजे तिथे कर उतरला नाही, चढला; तो मुद्दा समोरच्याला आठवण्याआधी तुम्हीच काढा.