पेन्शनीनंतरची पहाट: ख्रिस्ती माजी सैनिकांचे रोजच्या प्रार्थनेचे अनुभव

प्रभूमध्ये सलाम.

पुण्यात आपल्यासारखे ख्रिस्ती फौजी पेन्शनर पुष्कळ आहेत. खडकी, वानवडी, घोरपडी, देहूरोड. रविवारी उपासनेनंतर भेट होते तेव्हा बोलणं ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या औषधोपचाराच्या योजनेचं) आणि कँटीन कार्डाचं. सोमवार ते शनिवार घरी प्रार्थनेचं काय चालतं, हे कुणी कुणाला विचारत नाही. म्हणून मी विचारतो. किती वाजता बसता, काय वाचता, कधी मोडलं, पुन्हा कसं धरलं, जसं असेल तसं लिहा. प्रवचन नको. सुरुवात मी करतो.

बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनियर पलटणीत, २४ वर्षं काढली, हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. फौजेत सकाळ आपली नसतेच. शिट्टी वाजली की पाय जमिनीवर. रविवारी मंदिर परेड. कंपनीत आम्ही ख्रिस्ती तिघंच, सर्वधर्म स्थळात सगळ्यांबरोबर उभे राहायचो आणि आपलं बायबल ट्रंकेत, शर्टांच्या घडीखाली.

घरी आल्यावरही साडेचारला जाग यायची. पलंगाच्या कडेला नुसता बसून राहायचो. फॉलिन नाही, रोल कॉल नाही, बायको झोपलेली. तेव्हा कळलं, जिला मी माझी शिस्त म्हणत होतो ती बरीचशी शिट्टीची होती.

आमच्या मंडळीतले एक काका, १९७१ च्या लढाईत होते, ते म्हणाले, "ड्युटी लावून घे बाबा. बायबलात स्तोत्रं १५०, महिन्याचे दिवस ३०. रोज ५." लावली. अकराव्या दिवशी मोडली, चार दिवस गेले. मग एका बैठकीत राहिलेली २० स्तोत्रं वाचून काढली, एकही डोक्यात शिरलं नाही. काकांना सांगितलं तर म्हणाले, "चुकलेली सेंट्री, चुकलेला पहारा, दुसऱ्या दिवशी देता येतो का? आज तारीख काय, तिथून धर." तेव्हापासून तारखेप्रमाणे वाचतो. मागचं भरून काढायचं नाही.

२६ तारखेला १३० वं स्तोत्र येतं. पहारेकरी पहाटेची जितकी वाट पाहतो त्याहून माझा जीव प्रभूची अधिक पाहतो, आणि पहारेकऱ्याचे शब्द तिथे लागोपाठ दोनदा आलेत. मी लडाखला २ ते ४ ची सेंट्री केली आहे. हातमोज्यात बोटं आहेत की नाहीत कळत नाही. शेवटच्या अर्ध्या तासात नजर सारखी पूर्वेकडे जाते, डोंगराची कड काळ्याची राखाडी झाली असं वाटतं, आणि झालेली नसते. परत बघायचं. दोनदा का, ते मला कुठल्या पाळकाने समजावून द्यावं लागलं नाही.

१८ तारखेचं ८८ वं अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. सुरुंग काढताना गेलेल्या माझ्या जोडीदाराचं नाव मी त्या दिवशी मोठ्याने घेतो.

आता तुम्ही लिहा.

निवृत्त नायब सुभेदार, तोफखाना, खडकी

आम्ही कॅथलिक, सेंट इग्नेशियस चर्चचे. रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, लहानपणापासून आहे, पण ती तोंडाने होते, मन कँटीनच्या रांगेत. फादरांनी एकदा संत इग्नेशियसची हकिगत सांगितली. तो स्वतः शिपाईगडी. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या किल्ल्यात तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय फुटला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या ख्रिस्ताचं आणि संतांचं चरित्र वाचताना तो बदलला. मी तोफखान्याचा, मला ते लागलं. त्याने घालून दिलेली दिवसाची तपासणी मी रात्री साडेनऊला करतो. आधी आभार, मग उजेड मागायचा, मग सकाळपासूनचा दिवस घटकेघटकेने बघायचा. चुकलं तिथे क्षमा, आणि उद्या काय करणार ते ठरवायचं. पॉकेट डायरीत दोन ओळी लिहितो.

एका रात्री लिहिलं: "डब्याला उशीर झाला म्हणून सुनेवर ओरडलो. ती काही बोलली नाही." त्या खालच्या ओळीवर पेन बराच वेळ थांबलं. सकाळी ओट्यापाशी जाऊन म्हटलं, "बाई, काल माझं चुकलं." तिच्या हातात कणीक होती, ती तशीच उभी राहिली. फौजेत वरच्याने खालच्याची माफी मागितलेली मी क्वचितच पाहिली. घरात पहिल्यांदा मागितली ती वयाच्या ६१ व्या वर्षी.

निवृत्त मेजर, मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, वानवडी

ड्युटी बदलताना हँडओव्हर द्यायचो: बेड नंबर, नाव, काय झालं, पुढे काय बघायचं. रात्री दिवा मालवण्याआधी मी प्रभूला तसाच हँडओव्हर देते. शेजारच्या आजी, पाय दुखतो. भाचा, नोकरी नाही. जुन्या वॉर्डातला एक मुलगा, आता कुठे आहे ठाऊक नाही. मग झोपते, कारण पुढची ड्युटी माझी नाही.

माजी शिपाई, खडकी

मी व्हीलचेअरवर आहे, कमरेखाली संवेदना नाही. आमच्यासारख्यांना दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग सीटवरून उचलावं लागतं, नाहीतर बेडसोअर होतो आणि महिनोन्‌महिने पालथं पडून काढावे लागतात. मी काढले आहेत. अंग उचललं की मनात म्हणतो, "प्रभू येशू, माझ्यावर दया कर." खाली बसताना, "आभार." दिवसात किती वेळा होतं मोजलं नाही. माझी प्रार्थना चुकली तर माझी कातडी मला सांगते.

एका माजी सैनिकाची पत्नी, घोरपडी

आमचे हे लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते. १९९९ ला हे कारगिलला होते. दिवाळीत फटाके सुरू झाले की खिडक्या लावून घेतात, रात्री ओरडत उठतात. कुटुंबप्रार्थनेला बसत नव्हते, दाराच्या चौकटीला टेकून उभे राहायचे. प्रभूची प्रार्थना म्हणायचे, पण "ऋण्यांस ऋण सोडले आहे" या, दुसऱ्याला क्षमा केल्याच्या ओळीला गप्प. मी कधी विचारलं नाही, मी थांबायचे आणि पुढची ओळ मीच सुरू करायचे.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तेव्हा ओळखीच्या एका भावाने यांना तोंडावर सांगितलं की विश्वास कमी पडतो म्हणून गोळ्या लागतात. यांनी त्या रात्री गोळी घेतली नाही, आणि पुढचा आठवडा आमच्या घराने कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. कृपा करून असं कुणाला बोलू नका. आता रात्री प्रार्थना झाली की "आमेन"पाठोपाठ पाण्याचा पेला आणि गोळी मीच यांच्या हातात देते. गेल्या उपवासकाळापासून हे चौकटीतून आत येऊन खुर्चीवर बसतात. त्या ओळीला अजून गप्पच असतात.

निवृत्त सुभेदार, देहूरोड

मी रोज काही करत नाही. रविवारी जातो तेवढंच. सगळं वाचलं. हवालदार साहेब, एक विचारू? ते ११९ वं स्तोत्र रोजच्या पाचात कसं बसवता? आमच्या आईने एकदा वाचायला बसवलं होतं, संपतच नव्हतं.

खडकीहून, पुन्हा मी, सुरुवात करणारा हवालदार

घोरपडीच्या ताई, उद्यापासून माझ्या ५ स्तोत्रांनंतर तुमच्या घरासाठी प्रार्थना आहे. नाव सांगायची गरज नाही.

सुभेदार साहेब, ते २४ तारखेला येतं, १७६ वचनं. पण त्याचे ८-८ वचनांचे २२ भाग आहेत. मी त्या दिवशी चार भाग चहाआधी वाचतो, बाकीचे दिवसभरात, दोन तर बसस्टॉपवर. तुम्ही एकच भाग घ्या. सकाळी पावणेपाचला मी उठलेलाच असतो, एक मिस्ड कॉल देतो.