मदत हवी आहे : विवेक कुठे संपतो आणि भित्रेपणा कुठे सुरू होतो?

नमस्कार मंडळी. वसईत आमच्या धर्मग्रामातल्या (म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या) तरुणांसोबत प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, सात सद्गुणांवर गप्पा घ्यायच्या आहेत. श्रद्धा, आशा, प्रीती यांच्यासाठी बायबलमधल्या संत पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा 13 वा अध्याय हाताशी आहे. घोडं अडतंय ते विवेक, न्याय, धैर्य आणि संयम या चौघांपाशी.

संयम म्हटला की पोरं 'शुक्रवारी मटण नाही' इथेच थांबतात. (पापलेट चालतं, त्यामुळे फारसं बिघडत नाही!) मोबाइलचा विषय काढला की मात्र सगळे गप्प.

खरी पंचाईत विवेकाची. एकीने विचारलं, ऑफिसात साहेब मागची तारीख टाकून बिल बनवायला सांगतात, घरी कर्जाचा हप्ता चालू आहे. नकार द्यायचा, की तोंड बंद ठेवायचं आणि त्याला विवेक म्हणायचं? धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस 13 व्या शतकातच सांगून गेलेत की खोट्या मार्गाने काम साधणं हा विवेक नव्हे, ती चलाखी. पटतं. पण साहेबांसमोर उभं राहून नेमके कोणते शब्द वापरायचे?

तुमच्यावर असा प्रसंग आला असेल तर काय बोललात, पुढे काय झालं, ते लिहा. कंपनीचं नाव नको. शिवाय जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी सांगितलेलं दुपारचं आणि रात्रीचं आत्मपरीक्षण नोकरी सांभाळून कुणी करतं का? विरार लोकलच्या गर्दीत जमतं का? प्रवचनं नकोत, ती भरपूर ऐकून झालीत.