तपासणीत 57 गुण आले तर अपील करावं की गप्प दुरुस्तीला लागावं?

उंबरठा
अमेरिकेत सरकारी अनुदानावर चालणाऱ्या भाड्याच्या इमारतींचा कारभार बघणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा. हड, म्हणजे तिथलं केंद्रीय गृहनिर्माण खातं, 2023 पासून एनस्पायर पद्धतीनं तपासणी करतं. सार्वजनिक गृहनिर्माणाला ती 1 जुलैपासून लागू झाली, सेक्शन 8 च्या, म्हणजे सरकारी भाडे-अनुदान मिळणाऱ्या, खासगी मालकीच्या इमारतींना 1 ऑक्टोबरपासून. 100 पैकी 60 च्या खाली गेलात की नापास.

माझं मत असं की अहवालात खरी चूक असेल तर अपील केलंच पाहिजे. उदाहरण घेऊ. 16 घरं तपासली आणि गुण आले 57. चार वेगवेगळ्या घरांत 'पाण्यापासून सहा फुटांच्या आत जीएफसीआय संरक्षण नसलेलं सॉकेट' असा दोष लिहिला (जीएफसीआय म्हणजे गळती होताच वीज तोडणारं संरक्षण). फोटो बघितला तर चारही ठिकाणी ते फ्रिजमागचं सॉकेट आहे. मोठ्या उपकरणासाठी राखीव असलेलं सॉकेट या दोषात धरतच नाहीत. घरातल्या 'गंभीर' दोषाचं वजन 14.8. चौपट 59.2, त्याला 16 नं भागलं की 3.7. म्हणजे 57 चे 60.7 होतात आणि इमारत पास. अपिलाला हातात 45 दिवस असतात. इतक्या स्पष्ट चुकीवर गप्प का बसायचं?

कडीकोयंडा
गणित अर्धंच झालंय. एकूण गुणांसोबत दुसरी अट आहे ती बघा: फक्त घरांमधल्या दोषांमुळे 30 किंवा जास्त गुण गेले असतील तर एकूण बेरीज काहीही असो, इमारत नापासच धरतात आणि गुण 59 लावतात. तुमच्या उदाहरणात 43 गुण गेलेत. त्यातले 34 घरांमधले आहेत असं समजा. चार सॉकेटं रद्द झाली तरी 30.3 उरतात. कागदावर 60.7, हातात 59. अपील मंजूर होऊन इमारत नापासच.

म्हणून आधी गेलेले गुण घरं, इमारतीची आतली बाजू आणि बाहेरची बाजू अशा तीन रकान्यांत मांडायचे, मग ठरवायचं. माझं मत तुमच्या उलट आहे. दहातल्या नऊ वेळा अपिलावर घालवलेला वेळ दुरुस्तीत घातलेला बरा. 60.7 मिळाले तरी 80 च्या खाली असल्यानं तपासणी पुढच्या वर्षी परत आहेच. 80 मिळाले तर तपासणी दोन वर्षांनी, 90 मिळाले तर तीन वर्षांनी.

उंबरठा
30 ची अट मी सोडली होती, बरोबर. पण 57 आणि 60.7 यांत फरक नाही हे पटत नाही. नापास झाल्यावर करारभंगाची नोटीस येते, सगळीच्या सगळी घरं तपासून अहवाल द्यावा लागतो, आणि मालकाच्या नावापुढे खूण लागते. पुढचं कर्ज किंवा नवी इमारत घेताना खात्याची पूर्वसहभाग तपासणी होते, म्हणजे मालकाचा आधीचा इतिहास बघतात, तिथे ती खूण आडवी येते. पुढच्या वर्षी 85 मिळवले तरी मधलं वर्ष गेलंच.

चौकट
कुठल्या दोषामागे लागायचं ते वजन बघून ठरवा. 'जीवघेणा' दोष घरात असेल तर 60, इमारतीच्या आत 54.5, बाहेर 49.6. 'गंभीर' अनुक्रमे 14.8, 13.4, 12.2. 'मध्यम' 5.5, 5.0, 4.5. 16 घरांच्या नमुन्यात जिन्यातला एक जीवघेणा दोष रद्द झाला तर 3.4 गुण परत येतात. पालिकेच्या फुटपाथावरचा पाऊण इंचाचा उंचवटा रद्द झाला तर 0.28. तरीही लोक फुटपाथाचाच हट्ट धरतात, कारण 'जागा आमची नाही' हे सिद्ध करायला मोजणीचा नकाशा आणि पालिकेचं पत्र पुरतं. कागद सोपा, फायदा शून्य.

आग विझवायचं सिलिंडर मात्र जरूर बघा. पुन्हा भरता येणाऱ्या सिलिंडरवर तपासणीची चिठ्ठी नसेल किंवा तिची मुदत संपली असेल तर तो जीवघेणा दोष. एकदाच वापरायच्या सिलिंडरला चिठ्ठी लागत नाही, उत्पादनाला 12 वर्षं होईपर्यंत ते चालतं. चिठ्ठी नाही म्हणून अशा सिलिंडरवर दोष लिहिला असेल तर तळाशी कोरलेल्या वर्षाचा फोटो हा पक्का पुरावा. भाडेकरूनं स्वतः आणलेलं सिलिंडर तपासणीत येतच नाही.

ओळंबा
विजेचं काम बघतो, त्यामुळे सॉकेटबद्दल. फ्रिजची चूक सोपी आहे. त्याहून जास्त घोळ होतो तो जुन्या इमारतींत, जिथे दोन तारांची वायरिंग आहे आणि अर्थिंगची तार नाही. तिथे पॅनलमध्ये जीएफसीआय ब्रेकर बसवून तीन पिनांचं सॉकेट लावणं वीज संहितेत चालतं, फक्त सॉकेटवर 'जीएफसीआय संरक्षित' आणि 'अर्थिंग नाही' अशा पट्ट्या लागतात. तपासनीस आपला तीन दिव्यांचा टेस्टर खोचतो, बटण दाबतो, आणि काही होत नाही. टेस्टर गळती प्रवाह अर्थिंगच्या तारेत सोडतो. तारच नाही, तर ब्रेकर पडणार कसा? संरक्षण पूर्ण असतं, टेस्टरला ते दिसत नाही. अशा सर्किटची खरी परीक्षा ब्रेकरवरच्या चाचणीच्या बटणानंच होते.

पुराव्यात तीन गोष्टी द्या: कुठला ब्रेकर कुठल्या सॉकेटला जातो याचा पॅनलचा तक्ता, परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं क्रमांकासहित पत्र, आणि बटण दाबल्यावर त्याच सॉकेटमधला दिवा विझतोय असा एकसलग व्हिडिओ. तुकडे जोडलेला व्हिडिओ देऊ नका. आणि ब्रेकर तपासणीच्या आधीपासून तिथे होता हे दाखवणारं बिल किंवा परमिट नसेल तर बाकीचं सगळं वाया.

कडीकोयंडा
ओळंबा, तुमच्या शेवटच्या वाक्यातच माझा मुद्दा आला. तपासणीनंतर दुरुस्त केलेल्या गोष्टीवर अपील चालत नाही, आणि सिद्ध करायची जबाबदारी पूर्णपणे मालकावर. आता खरी कात्री बघा. जीवघेणे आणि गंभीर दोष 24 तासांत दुरुस्त करावे लागतात आणि मग तसं प्रमाणित करावं लागतं. लोक घाबरून त्याच संध्याकाळी सॉकेट बदलतात आणि 'दुरुस्ती केली' असं लिहून देतात. मग चाळिसाव्या दिवशी अपिलात म्हणतात की दोष नव्हताच. त्यांनीच सही करून दोष मान्य केलेला असतो.

चौकट
म्हणून तर तपासनीसासोबत फिरणाऱ्या माणसानं जागेवर फोटो काढायचे. तो दोष लिहील त्या क्षणी दोन फोटो: एक जवळून, एक लांबून, ज्यात घर क्रमांक किंवा खोलीतली ठळक खूण दिसते. वेळ आणि तारीख फाईलमध्ये आपोआप नोंदलेली हवी, वरून टाईप केलेली नको. मूळ फाईल जपा, मेसेजमधून फिरवलेल्या फोटोतली माहिती पुसली जाते. आणि दोष नाहीच अशी खात्री असेल तर 24 तासांच्या कागदावर 'दुरुस्ती केली' लिहू नका. काय आढळलं, कोणी तपासलं, ते लिहा.

गिलावा
मी भाडेकरूंच्या बाजूनं बोलते. इथे कोणीच विचारलं नाही की अपिलाचा हक्क एकाच बाजूला का. मालक म्हणू शकतो की दोष नसताना लिहिला. ज्या घरात दोष असताना लिहिलाच नाही, तिथली बाई कुठे जाणार? फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला युरेका गार्डन्स ही इमारत 2015 मध्ये तपासणीत पास झाली होती, आणि आतली माणसं बुरशी आणि मोडके जिने दाखवत होती. जुनी पद्धत होती हे मान्य. पण गुण वर नेण्याची सोय आहे, खाली आणण्याची नाही, हे आजही तसंच आहे. 'चार सॉकेटं रद्द झाली' म्हणजे नापास इमारत पास झाली, बाकीच्या 39 गुणांचे दोष तिथेच.

उंबरठा
ताई, अपिलानं दुरुस्ती टळत नाही. मध्यम दोषांना 30 दिवस, किरकोळांना 60 दिवस, ही घड्याळं अपील चालू असतानाही धावत राहतात. बुरशी खरी असेल तर ती अपिलानं पुसली जाणार नाही.

गिलावा
कायद्यात टळत नाही हे मलाही माहीत आहे. पण नापासचा धाक गेला की कामाचा वेग उतरतो. निदान एवढं तरी करा: तपासणीचा अहवाल, दुरुस्तीचा आराखडा, खात्याशी झालेला पत्रव्यवहार, अपिलाचा निकाल, हे सगळं भाडेकरूंना कचेरीच्या वेळेत बघायला आणि त्याच्या प्रती काढायला द्यावं लागतं. तशी सूचना इमारतीत लावावी लागते. ती सूचना कॉपी मशीनच्या मागे नको, पत्रपेट्यांजवळ लावा.

उंबरठा
हे मान्य, पूर्णपणे.

ओळंबा
भाडेकरूचा विषय निघालाच आहे तर सांगतो, 'भाडेकरूनं मोडलं' हे अपिलाचं कारण होत नाही. तिसऱ्यानं केलेलं किंवा निसर्गानं झालेलं नुकसान हे कारण चालतं, पण ते म्हणजे गाडी येऊन भिंतीवर आदळली, वादळात झाड पडलं, असलं काही, आणि त्याला पोलिसांचा किंवा विमा कंपनीचा तपासणीआधीचा कागद लागतो. चालू नूतनीकरणाचं कारण द्यायचं तर करार आणि परमिटही आधीच्या तारखेचे हवेत. खिडकीपुढे सोफा ठेवून बाहेर पडायची वाट अडली असेल तर तो दोष मालकाच्याच खात्यात जातो.

कडीकोयंडा
खर्चाची गोष्ट राहिली. अपील नुसत्या चुकीवर चालत नाही. चूक सुधारून गुण महत्त्वाची रेषा ओलांडणार असतील, नापासचे पास होणार असतील, तरच. खातं कधी अहवालच दुरुस्त करतं, कधी नवी तपासणी लावतं. नव्या तपासणीत तशी सुधारणा दिसली नाही तर तिचा खर्च मालकानं द्यायचा, आणि तो इमारतीच्या चालू खर्चात दाखवता येत नाही, भाड्याच्या पैशातून जात नाही. वर नवे गुण अंतिम. जुने 57 बरे होते असं म्हणायची सोय नाही, 52 आले तर 52.

उंबरठा
तेवढ्यासाठीच मी 'स्पष्ट चूक' म्हणतोय. फोटोवरूनच निकाल लागेल अशा दोषांवर अपील मागितलं तर नव्या तपासणीची वेळ येण्याची शक्यता कमी. तुमची 30 ची अट धरून माझं उदाहरण परत मांडतो. घरांमधले 34 गुण गेले असतील तर चार सॉकेटं पुरत नाहीत, पाच लागतात: 14.8 गुणिले 5, भागिले 16, म्हणजे 4.6. घरांचे उरतात 29.4 आणि एकूण होतात 61.6. पाचवं पक्कं सॉकेट सापडलं तर अपील करा. चारच असतील तर मी तुमच्या बाजूला.

कडीकोयंडा
पाच पक्की असतील तर मीही करेन. पण 45 दिवस अहवाल मिळाल्या तारखेपासून धरा, आणि पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत अर्ज तिथे पोचलेला हवा, नुसता पाठवलेला नाही. इलेक्ट्रिशियनचं पत्र पहिल्याच आठवड्यात मागवा.