बर्नच्या 'लाउबेन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
स्वित्झर्लंडमधल्या बर्नवर लेख लिहिते आहे आणि दोन दिवस एका शब्दापाशी अडले आहे. आरे नदीच्या वळशात वसलेल्या या जुन्या गावात घरांचे तळमजले रस्त्याच्या अंगाला कमानींनी मोकळे ठेवले आहेत. वर माणसं राहतात, आत दुकानं आहेत आणि दुकान व रस्ता यांच्यामधून छताखालची वाट जाते. सगळ्या मिळून सुमारे ६ किलोमीटर. पावसात छत्री न उघडता बाजार उरकता येतो. तिथे याला 'लाउबेन' म्हणतात. मी 'ओसरी' लिहिलंय, पण मन मानत नाही.

प्रतिसाद १
ओसरी नकोच. ओसरी घराची. परका माणूस तिथे टेकतो तो घरातून 'या, बसा' आल्यावर. लाउबेनमध्ये जागा घरमालकाची, पण जाण्यायेण्याचा हक्क अख्ख्या गावाचा. 'ओसरी'त तो हक्क बसत नाही.

प्रतिसाद २
मी 'पडवी' म्हणेन. ११९१ मध्ये झेरिंगेन घराण्याच्या पाचव्या बेर्टोल्डने हे गाव वसवलं. पुढे दुकानदारांनी माल मांडायला घरापुढे लाकडी छपरं काढली, मग त्यांच्यावर मजले चढले. म्हणजे सुरुवात आपण 'घराला पडवी काढली' म्हणतो तशीच. १४ मे १४०५ च्या आगीत लाकडी गाव जळालं आणि नंतर हळूहळू हिरवट करड्या वालुकाश्मात उभं राहिलं. आज दिसतात त्या कमानी दगडाच्या, पण जन्म पडवीचा.

प्रतिसाद १
जन्माचं पटलं. पण पडवीचं छप्पर उतरतं असतं, आणि तिच्या डोक्यावर दिवाणखाना नसतो. कोकणातल्या वाचकाला 'पडवी' म्हटलं की शेणाने सारवलेली जमीनच दिसेल.

प्रतिसाद ३
मुंबईत फोर्टात दादाभाई नौरोजी रस्त्यावर अशीच वाट आहे. पाऊस आला की आम्ही म्हणायचो, 'कमानींखालून चल.' त्या जागेला वेगळं नाव कधी लागलंच नाही. 'कमानींखालची वाट' लिहिलंत तर कुणालाही कळेल.

आणखी एक, मला फार आवडलेलं. जर्मनमध्ये 'लाउब' म्हणजे पाला. 'लाउबे' हा शब्द त्याच कुळातला मानतात, आधी पानाफांद्यांचा आडोसा, मग इमारतीचा भाग. इटालियन 'लॉजिया' आणि इंग्रजी 'लॉबी' ही त्याचीच भावंडं. आपला मांडवही आधी डहाळ्यांचाच, आणि त्याच्यापासून मांडवी, म्हणजे जकातीची जागा. सावलीचा शब्द बाजारात शिरतो तो दोन्हीकडे!

मूळ प्रश्नकर्ती
मांडव! हे लेखात घेतेच. आता तिथल्या 'त्सितग्लोगे' या घड्याळाच्या जुन्या मनोऱ्याचं सांगा. मी 'घंटाघर' लिहिलं आहे.

प्रतिसाद २
ताई, तिथे 'वेस' आल्याशिवाय राहू नये. तीन बाजूंनी नदी, त्यामुळे गाव फक्त पश्चिमेला वाढू शकत होतं. हा मनोरा म्हणजे पहिल्या गावाची पश्चिमेची वेस. वस्ती पुढे गेली तशी वेसही पुढे सरकली, आणि दुसऱ्या वेशीला आज 'केफिगटुर्म' म्हणतात, शब्दशः पिंजऱ्याचा मनोरा, कारण तिथे पुढे तुरुंग झाला. पहिल्या मनोऱ्यातही आगीच्या आधी स्त्रियांना कोंडत असत. घंटा आली ती नंतर.

नावाचा अर्थ 'वेळेची घंटा'. मराठीत त्याला एकच नेमका शब्द आहे, 'तास'. पूर्वी ठोके द्यायची काशाची थाळी म्हणजे तास, आणि त्या ठोक्याने मोजलेला काळही तासच. 'घंटाघर' उत्तरेकडचं वाटतं. 'तासाचा मनोरा' लिहून पाहा.

प्रतिसाद ३
नदीकाठची माट्टे ही वस्ती विसरू नका. 'माट्टे' म्हणजे कुरण. वरचं गाव व्यापाऱ्यांचं आणि अधिकाऱ्यांचं, खाली पाण्याशी कारागीर आणि नावाडी. १८९७ पासून वरच्या मोठ्या चर्चच्या गच्चीवरून खाली माट्टेत विजेची लिफ्ट उतरते. या खालच्या लोकांची स्वतःची गुप्त बोली होती. शब्दाचा पहिला तुकडा उचलून मागे नेऊन लावायचा, आपल्या 'च'च्या भाषेसारखा खेळ. फरक इतकाच की ती मोठ्या माणसांची होती, वरच्यांना कळू नये म्हणून.

मूळ प्रश्नकर्ती
पहिलं वाक्य असं केलं आहे: 'दुकानांपुढे पडव्या निघाल्या, पडव्यांवर मजले चढले, आणि खाली उरली ती कमानींखालची वाट, सगळ्या गावाची.' ओसरी खोडली.